घरच्या फायरवॉलला वायफायची जोड : पहारा दारात, रहदारी परसातून

जुन्या संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवून, त्यावर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्ससारखी मोफत प्रणाली चढवून घरगुती फायरवॉल उभारणे ही आता केवळ तज्ज्ञांची हौस राहिलेली नाही. बाहेरून आलेली तार एका कार्डात, घराकडे जाणारी दुसऱ्यात आणि मधल्या वाटेवर नियमांचा पहारा, अशी ही सरळ रचना. अडचण येते ती पुढे. टेबलावरचा संगणक तारेने जोडता येतो. मोबाइल, टीव्ही आणि अंगणातला कॅमेरा यांना मात्र वायफायच लागते. मग घरातली मंडळी सेवादात्याने फायबरबरोबर दिलेल्या पेटीचेच वायफाय वापरत राहतात. ही पेटी फायरवॉलच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला असते. म्हणजे पहारेकरी पुढच्या दारात उभा आणि माणसांची ये-जा परसदारातून!

यावर सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे फायरवॉलच्या संगणकातच वायफाय कार्ड बसवणे. तो बहुधा निराशा करतो. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या दोन्ही प्रणाली फ्रीबीएसडीवर उभ्या आहेत आणि वायफायच्या बाबतीत फ्रीबीएसडी दीर्घकाळ मागे राहिलेली आहे. अनेक कार्डे तिथे ओळखलीच जात नाहीत. काही ओळखली जातात, पण इतरांना जोडणी देण्याचे काम करत नाहीत. यूएसबीला लावायच्या छोट्या कार्डांची कथा याहून वाईट. लिनक्सवर चालणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटीची गोष्ट निराळी. ती लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरच्या निमित्तानेच २००४ मध्ये जन्माला आली, त्यामुळे तिथे आतले कार्ड शोभते. तरीही जागेचा प्रश्न उरतोच. फायरवॉल असते तार घरात शिरते त्या कोपऱ्यात, तीही लोखंडी डब्यात.

म्हणून स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट हाच शहाणपणाचा मार्ग. त्यासाठी नवी खरेदी करावीच लागते असे नाही. अडगळीतला जुना राउटर चालतो. मात्र तो जोडण्यापूर्वीच त्याची मांडणी बदलावी लागते. फायरवॉलचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर राउटरला १९२.१६८.१.२ द्यावा, त्यातील डीएचसीपी बंद करावे आणि फायरवॉलकडून येणारी केबल लॅनच्या पोर्टात खोचावी; वॅनचे पोर्ट रिकामेच ठेवावे. डीएचसीपी चालू राहिले तर एकाच घरात दोघे पत्ते वाटू लागतात आणि ज्यांना चुकीच्या वाटाड्याकडून पत्ता मिळतो त्या उपकरणांचे इंटरनेट बंद पडते. केबल वॅनमध्ये खोचली तर सारे सुरळीत चालल्यासारखे दिसते, पण राउटरमागची सगळी उपकरणे फायरवॉलला एकाच पत्त्याची दिसतात. कोण कॅमेरा आणि कोण मोबाइल हे तिला कळत नाही. मग नियम लावायचे कोणाला?

गोव्यातील जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंती वायफायची खरी परीक्षा घेतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतीपुढे लवकर हतबल होतो, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक आत पोहोचतो, पण तिथे एकमेकींना न अडवणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. एका शक्तिशाली यंत्राऐवजी सोप्यात एक आणि मागच्या खोलीत एक अशी दोन साधी यंत्रे केबलने जोडणे बरे. नेटवर्कची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते. मात्र ती एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून नेऊ नये. पावसाळ्याच्या तोंडावरची एक वीज सगळी यंत्रे एकदम निकामी करू शकते. तिथे फायबर वापरावे.

यानंतरचा भाग बहुतेक जण टाळतात, आणि फायरवॉलचा खरा उपयोग तिथेच आहे. फायरवॉल फक्त तिच्यातून जाणारी रहदारी पाहते. एकाच जाळ्यातला स्वस्त कॅमेरा आणि बँकेची कागदपत्रे असलेला संगणक तिला न विचारता एकमेकांशी बोलू शकतात. म्हणून पाहुणे, कॅमेरे आणि टीव्ही यांच्यासाठी वेगळे जाळे हवे : तिसऱ्या नेटवर्क कार्डाला दुसरा ॲक्सेस पॉइंट जोडून, किंवा व्हीलॅन समजणारी यंत्रे वापरून. पीएफसेन्समध्ये अशा नव्या जाळ्याला सुरुवातीला कोणतीच परवानगी नसते. काहीच चालत नाही म्हणून कंटाळून घरच्या जाळ्याचा ‘सर्वांना मुभा’ हा नियम तिथे उतरवला, की केलेली विभागणी वाया जाते. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो आधी लागू पडतो तोच चालतो. म्हणून आधी फायरवॉलच्या डीएनएसला परवानगी, मग घरचे जाळे आणि फायरवॉलचे नियंत्रण-पान यांना मनाई, शेवटी उरलेल्या इंटरनेटला मुभा, हा क्रम मोडू नये. घरच्या मोबाइलवरून कॅमेरा पाहता येतो. कॅमेऱ्याला मात्र स्वतःहून घरात डोकावता येत नाही. मोबाइलवरचे चित्र टीव्हीवर धाडण्याची सोय या विभागणीत बंद पडते. ती अवाही या जोड-सुविधेने बहुधा परत मिळवता येते, पण थोडी खटपट करावी लागते.

सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३ किंवा निदान डब्ल्यूपीए-२ असावा आणि बटण वा पिनने जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद असावी. नावाबाबत एक युक्ती उपयोगी पडते. जुन्या वायफायचे नाव आणि पासवर्ड पाहुण्यांच्या जाळ्याला द्यावा. कॅमेरे, टीव्ही आणि चतुर्थीला पासवर्ड घेऊन गेलेले सगे-शेजारी आपोआप तिथेच जातात. घरच्या जाळ्याला नवे नाव, नवा पासवर्ड द्यावा आणि तो मोजक्या उपकरणांतच भरावा. मग पाहुण्यांच्या जाळ्यावरून फायरवॉलचे नियंत्रण-पान उघडून पाहावे. ते उघडले नाही, तर सेवादात्याच्या पेटीतील वायफाय त्याच दिवशी बंद करायला हरकत नाही.