कण्हेर की बिट्टी? कुंडीत लावण्याआधी पानं मोजा!

रात्री महामार्गावर समोरच्या गाडीचे दिवे थेट डोळ्यांवर येत नाहीत, याचं श्रेय बऱ्याच ठिकाणी दुभाजकातल्या कण्हेरीला जातं. धूर, धूळ, रणरणतं ऊन सोसूनही हे झुडूप बारा महिने हिरवं राहतं. पाणी कमी पडलं तरी तग धरतं आणि मोकाट गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. आता हीच कण्हेर सोसायटीच्या कुंपणाला आणि बाल्कनीतही दिसते. गुरं तोंड का लावत नाहीत, हे मात्र रोप घेताना फारसं कुणी विचारत नाही.

कारण सोपं आहे. ती कडू आणि विषारी असते. पान, फूल, खोड, मूळ, बी असे सगळेच भाग. त्यातली ओलिअँड्रिनसारखी द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. केरळमध्ये २०२४ साली एका तरुणीच्या मृत्यूमागे कण्हेर पोटात गेल्याचा संशय व्यक्त झाला. त्यानंतर मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम बोर्डानं मंदिरांतल्या नैवेद्य आणि प्रसादातून ही फुलं बाद केली. आपल्याकडे गणपतीच्या २१ पत्रींत करवीर म्हणजे कण्हेरीचं पान असतं. ते वाहायला हरकत नाही. प्रसादाच्या ताटात पडू देऊ नये, इतकंच.

ओळखायची कशी?

खरा घोळ पिवळ्या कण्हेरीचा आहे. तिला आपण बिट्टी म्हणतो. ती मूळची मेक्सिको, मध्य अमेरिकेकडची आणि शास्त्रीयदृष्ट्या वेगळ्याच प्रजातीची.

फुलं नसतील तेव्हा फांदीवरची पानं पाहा. कण्हेरीला एकाच पेरावर बहुधा तीन-तीन पानं येतात. जाड, चिवट आणि मधली शीर ठळक. बिट्टीची पानं अरुंद, चकचकीत असतात आणि फांदीभोवती एकेक करून येतात. कण्हेरीची फुलं गुलाबी, पांढरी किंवा लाल, पसरट पाकळ्यांची असतात. बिट्टीचं फूल पिवळं, घंटेसारखं. कण्हेरीला लांब शेंग धरते, ती फुटली की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. बिट्टीचं फळ हिरवं, कोनदार असतं आणि पिकल्यावर काळं पडतं. आत टणक आठळी असते. पूर्वी मुलं याच बिट्ट्यांनी खेळायची. त्या आठळीतल्या बिया अत्यंत विषारी असतात. श्रीलंकेत या बियांमुळे होणारी विषबाधा हा आरोग्य यंत्रणेपुढचा मोठा प्रश्न ठरला आहे.

घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर बिट्टी नकोच. कण्हेर लावायची असेल तर तीही त्यांचा हात किंवा तोंड पोहोचणार नाही अशा जागी.

लावायची कशी?

पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्या. खालची पानं काढून ती निचरा होणाऱ्या मातीत खोचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती सहज जगते. पाण्याच्या बाटलीतही मुळं फुटतात, पण ते पाणी कुणी पिणार नाही याची काळजी घ्या. कुंडी १२ ते १४ इंची असावी आणि रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. सावलीत झाड नुसतं पानांनी भरतं, फुलत नाही. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की शेंडे छाटा.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा बसला तर पाण्याचा जोरदार फवारा बहुतेक वेळा पुरतो. पानाखाली चांदीसारखा लखलखणारा कोष लटकताना दिसला तर तो मात्र तोडू नका. ‘कॉमन क्रो’ नावाचं फुलपाखरू कण्हेरीवर वाढतं, त्याचा तो कोष असू शकतो.

छाटताना हातमोजे घाला, नंतर हात साबणानं धुवा. छाटलेल्या फांद्या जाळू नका, धूरही घातक असतो. त्या गुरांच्या चाऱ्यात तर अजिबात जाऊ नयेत, कारण वाळलेल्या पानांतलं विष तसंच राहतं.

कुणी चुकून पान किंवा बी खाल्लं तर मळमळ, उलट्या, चक्कर, नाडी मंदावणं अशी लक्षणं दिसतात. ती काही तासांनीही सुरू होऊ शकतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याच्या फंदात पडू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. सोबत झाडाची फांदी पिशवीत घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पोटात नेमकं काय गेलंय, हे डॉक्टर आधी विचारतील.