गडी ठेवावा, आणि तो राहावा!

दिवाळी जवळ आली, की दोन प्रकारची माणसे हिशेबाला बसतात: एक बोनस देणारी आणि दुसरी बोनस घेणारी. देणाऱ्याला वाटते, एवढे दिले की वर्षाची काळजी मिटली. घेणारा पाकीट खिशात घालतो, हसतमुखाने नमस्कार करतो आणि पाडवा उलटला की दुसरीकडे अर्ज टाकतो! मग मालक कपाळाला हात लावून म्हणतात, "हल्ली माणसे टिकतच नाहीत हो!"

माझी सारी नोकरी कारखान्यांसाठी माणसे नेमण्यात गेली. सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या दिवशी समोर बसवून कारण विचारण्याचा माझा परिपाठ होता. पगारासाठी जाणारे पुष्कळ भेटले. पण भांडारातल्या एका कारकुनाचे उत्तर माझ्या मनातून अजून गेलेले नाही. तो म्हणाला, "साहेब, सहा वर्षांत कोठाराची किल्ली एकदाही माझ्या हाती दिली गेली नाही."

या उत्तराचा अर्थ व्यवस्थापनाच्या जाड पुस्तकांपेक्षा मला माझ्या गावाने अधिक चांगला समजावला. माझे गाव किन्हीराजा. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले, छत्रपती संभाजीनगर-नागपूर रस्त्यावरचे. वर्षभराच्या कामाला गडी नेमणे याला आमच्याकडे 'सालदार ठेवणे' म्हणतात. त्याचे साल गुढीपाडव्याला बदलते. पैसे किती, धान्य किती, उचल किती, हे तोंडी ठरते आणि वर्षभर पाळले जाते. एका कास्तकाराच्या ओट्यावर अशी बोलणी चालली असता मी हजर होतो. रकमेवरून फारशी ओढाताण झाली नाही. सालदार एवढेच म्हणाला, "पैशाचं जमून जाईन, भाऊ, पण माह्या मागं मागं घडीघडी यायचं नाही."

पगाराइतकीच त्याला ही अट महत्त्वाची वाटत होती! कोणत्या वावरात पाणी साचते, कोणता बैल कधी अडतो, हे मालकापेक्षा त्याला अधिक ठाऊक. त्या ज्ञानाला मान हवा, एवढेच त्याचे मागणे होते.

सोयाबीनच्या सोंगणीची रीत याहून निराळी. ती सुगी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. पावसाची धास्ती असते, घाई असते. म्हणून एकरावर गुत्ता देतात. टोळी आपली आपण पहाटे लागते, काम आवरते आणि पैसे आपसात वाटून घेते. पण निंदणाला हाच गुत्ता दिला, तर घाईघाईत तण मुळासकट निघत नाही, वरवर खुडले जाते. तिथे रोजच बरा. कोणत्या कामाला मोजून पैसे द्यावे आणि कोणत्या कामाला वेळ द्यावा, हे शेतात उमजते. कचेरीत मात्र सगळ्यांना एकाच फूटपट्टीने मोजण्याची हौस असते.

आता कोणी म्हणेल, "गावचे ठीक आहे, यंत्रांच्या कारखान्यात असा विश्वास कसा चालायचा?" चालतो, आणि त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली, बेळगाव गाठले आणि पुढे लोखंडी नांगर घडवायला घेतले. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या आणि सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

तिथे येऊन राहायला बिनचूक प्रशस्तिपत्रांचे गठ्ठे घेऊन कोण येणार? लक्ष्मणरावांनी जी माणसे मिळाली, ती घडविली. शिक्षण अर्धवट राहिलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभुराव जांभेकर यंत्रांबरोबर वसाहतीची व्यवस्था पाहू लागले आणि वेळप्रसंगी आजाऱ्यांना औषधपाणीही देऊ लागले. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, शिक्षा भोगून आलेले दोघे जण! ज्यांच्यापासून राखण करायची असे लोक म्हणत, त्यांनाच राखणदार केले. आणि त्यांनी वाडी राखली. बढतीत डावलले जाण्याचे दुःख स्वतः चाखलेल्या माणसाने इतरांच्या अंगचे गुण असे हेरावेत, यात मला नवल वाटत नाही.

याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते पाहा. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या मोटारींच्या कारखान्यात सुमारे १४,००० माणसे कामावर टिकविण्यासाठी वर्षात ५२,००० हून अधिक भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी दिवसाला ५ डॉलर आणि ८ तासांची पाळी जाहीर केली. दाराशी माणसांची झुंबड उडाली आणि गळती थांबली. चांगल्या मजुरीचे सामर्थ्य असे असते! पण त्या मजुरीबरोबर कंपनीचे निरीक्षकही कामगारांच्या घरी जाऊ लागले: घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पैसे साठवतो का. कामगारांना ते झोंबले आणि काही वर्षांत ते खाते आवरते घ्यावे लागले.

तेव्हा मंडळी, विश्वास हा पगाराऐवजी द्यायचा पदार्थ नव्हे. पोटभर मजुरी आधी, ठरल्या दिवशी, न मागता. त्याशिवाय विश्वासाच्या गोष्टी म्हणजे उपाशी माणसाला केलेला उपदेश. पण पगाराने माणूस फाटकाच्या आत येतो. आत आल्यावर तो कामाला आपले म्हणेल की नाही, हे त्याच्या हाती आपण काय सोपवतो त्यावर ठरते.

हे केवळ कारखानदारांसाठी नाही. आपल्यापैकी कोणी दुकान चालवतो, कोणाच्या हाताखाली कचेरीत चार मुले आहेत, कोणाच्या घरी स्वयंपाकाला बाई येतात. नेमताना कागदाबरोबर माणसाकडेही पाहावे. काम नीट समजावून सांगावे, आणि मग थोडे दूर उभे राहावे. चूक झाली तर एकांतात सांगावी, चांगले झाले तर चारचौघांत. आणि यंदा बोनसचे पाकीट देताना ज्याच्या हाती आजवर किल्ली दिली नाही, त्याच्या हाती ती एकदा देऊन पाहावी.