पान किती वेळ ओलं होतं?

नोव्हेंबरच्या सकाळी द्राक्षबागायतदार बागेत शिरतो तो आधी पानाला हात लावतो. दव किती पडलंय, पान कधी सुकेल, आभाळ उघडेल का, एवढं पाहून फवारणीचा ब्लोअर काढायचा की नाही ते ठरतं. शेतीतल्या नव्या यंत्रांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ड्रोन होते. प्रत्यक्षात दिंडोरीकडच्या एका बागेत मी रेंगाळलो तो तळहाताएवढ्या, पांढऱ्या, पानाच्या आकाराच्या एका पट्टीपाशी. वेलीच्या तारेजवळ ती तिरकी बांधलेली होती. तिच्यातून निघालेली वायर खांबावरच्या डबीत जात होती आणि डबीतून दर काही मिनिटांनी एक आकडा फोनवर येत होता. हा लीफ वेटनेस सेन्सर. पान किती तास ओलं राहिलं, एवढं एकच तो सांगतो.

एवढ्याशा माहितीसाठी इतका खटाटोप का, हे कळायला डाऊनी हा द्राक्षावरचा रोग समजून घ्यावा लागतो. डाऊनीचा जीव प्लास्मोपॅरा व्हिटिकोला. आपण तिला बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. तिचे चल बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात. पानावर पाण्याचा पातळ थर असला की ते पोहत पानाच्या मागच्या बाजूच्या पर्णरंध्रापाशी जातात आणि तिथून आत नळी घालतात. हवा वीस ते पंचवीस अंशांची असेल तर दोन-तीन तासांची ओल त्यांना पुरते. त्याआधी रात्रीच्या अंधारात, हवा दमट असताना, जुन्या डागांच्या मागे पांढरी बुरशी वाढलेली असते. पहाटेचं दव आठ वाजता उन्हानं सुकलं तर बरेचसे बीजाणू मरतात. ढगाळ हवेमुळे तेच दव दहापर्यंत राहिलं तर काही दिवसांनी पानावर तेलकट डाग दिसतात, आणि पोंगा अवस्थेत किंवा फुलोऱ्यात हे घडलं तर घडच हातचा जातो. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळानं आणलेला पाऊस नाशिककडच्या बागायतदारांच्या अजून लक्षात आहे तो यामुळेच. पाऊस किती मिलिमीटर पडला यावरून हे कळत नाही. भर दुपारच्या जोरदार सरीपेक्षा संध्याकाळी सहाची भुरभुर अधिक घातक ठरू शकते, कारण तिची ओल रात्रभर पानावर बसते.

ओलीचे तास मोजून रोग ओळखायची कल्पना द्राक्षातली नाही, सफरचंदातली आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या मिल्स यांनी 1944 मध्ये सफरचंदाच्या खपली रोगासाठी एक तक्ता मांडला: अमुक तापमानाला पान अमुक तास ओलं राहिलं तर लागण. उबदार हवेत नऊ तास, थंडीत त्याच्या दुप्पट-तिप्पट. इटलीत बाल्दाच्ची यांनी 1947 मध्ये द्राक्षाच्या डाऊनीसाठी तीन दहांचा नियम दिला: दहा अंश तापमान, दहा सेंटिमीटरची फूट, दहा मिलिमीटर पाऊस. ओलीचे तास मोजायला आधी तागासारख्या धाग्याचं यंत्र होतं. धागा भिजला की आखडायचा आणि त्याला जोडलेलं पेन फिरत्या कागदावर रेघ ओढायचं. 1978 मध्ये कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातले गिलेस्पी आणि किड यांनी विजेची जाळी असलेल्या पट्टीवर रंग देऊन केलेलं काम प्रसिद्ध केलं. आजच्या बऱ्याच सेन्सरांचं मूळ तिथे आहे.

त्या रंगाची हकिगत मला फार आवडली. पट्टीवर तांब्याच्या दोन कंगव्यांसारख्या रेषा एकमेकींत गुंफलेल्या असतात. पाण्याचा थेंब दोन रेषांना जोडतो आणि वीज वाहू लागते. पण दवाचे पहिले थेंब इतके बारीक असतात की ते दोन रेषांच्या मधल्या जागेतच बसून राहतात. पान ओलं झालेलं असतं आणि यंत्र कोरडं सांगत असतं. वर साधा लेटेक्स रंग दिला की तो थेंब पसरतो आणि ओल वेळेवर कळते. मग नवी अडचण उभी राहिली. रंग स्वतःच हवेतला दमटपणा शोषतो आणि ओल नसताना ओल दाखवतो. त्यावर उपाय म्हणून रंगवलेल्या पट्ट्या साठ-सत्तर अंशांवर दिवसभर भट्टीत ठेवायची पद्धत निघाली. इतक्या साध्या वस्तूमागे लोकांनी घेतलेली ही मेहनत पाहून आदर वाटतो.

नव्या सेन्सरात रेषा उघड्या नसतात. विद्युतक्षेत्रात पाण्याचं वागणं हवेपेक्षा फार वेगळं आहे. हे वागणं दाखवणारा गुणांक हवेचा एक, तर पाण्याचा ऐंशीच्या आसपास. पट्टीवर पाण्याचा पातळ थर आला तरी हा फरक पकडता येतो, त्यामुळे रंगाची गरज उरत नाही. पट्टी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची ठेवतात, त्यालाही कारण आहे. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडतं, हवेपेक्षा थंड होतं आणि म्हणून त्याच्यावर दव धरतं. जाड पट्टी पानाइतक्या लवकर थंड होणार नाही आणि सकाळी पानाइतक्या लवकर सुकणारही नाही. यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते मोजतं स्वतःच्या अंगावरची ओल. ते पानासारखं वागेल तेवढाच त्याचा आकडा खरा.

हे मला सर्वांत नीट समजावलं ते सेन्सरांची देखभाल करणाऱ्या एका तंत्रज्ञ मुलानं. दिंडोरी आणि निफाडकडच्या बागांमधली हवामान केंद्रं तो मोटरसायकलवर फिरून तपासतो. त्याच्या पिशवीत मऊ फडकं, डिस्टिल्ड पाण्याची बाटली, हातपंप आणि कोन मोजायची पट्टी असते. आधी तो सेन्सर कोरडा असतानाचा आकडा पाहतो, मग हातपंपानं बारीक तुषार मारतो, आकडा चढताना पाहतो आणि सुकेपर्यंत तिथेच उभा राहतो. एका बागेत पट्टी सुकल्यावरही आकडा खाली येईना. बागेचे मालक, वयस्कर गृहस्थ, वैतागले होते. "अरे भाऊ, ऊन एवढं कडक पडलंय आन् तुझं ॲप म्हणतंय पान ओलं. कोणावर इश्वास ठेवायचा?" त्यानं फडकं ओलं करून पट्टी पुसली. फडक्यावर निळसर पांढरा थर आला. मोरचूद, चुना, गंधक, जे जे फवारलं होतं ते सगळं. "नाना, हे धुतलं नाही तर तो रोज ओलाच सांगणार," तो म्हणाला. आकडा खाली आला. त्या सेन्सरनं आधी किती खोट्या सूचना दिल्या असतील आणि त्यावरून किती फवारण्या झाल्या असतील, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

खरी काळजी इथून सुरू होते. पाऊस मोजण्याच्या पद्धतीला जगभर प्रमाण आहे, पानाच्या ओलीला नाही. सेन्सर किती उंचीवर, कोणत्या दिशेला, किती तिरका लावायचा, हे प्रत्येक जण आपापल्या परीनं ठरवतो. ब्राझीलचे सेंटेल्हास आणि ग्वेल्फचे गिलेस्पी यांनी गवतावर तीस सेंटिमीटर उंचीला तिरक्या लावलेल्या सेन्सरवरून पिकाच्या वरच्या भागातल्या ओलीचा अंदाज बांधता येतो, असं दाखवलं. आपल्याकडच्या मांडवाच्या बागेत मात्र वरच्या पानांवर दव आधी आणि जास्त धरतं, आणि पावसानंतरची ओल आतल्या, घडांजवळच्या गर्दीत जास्त वेळ टिकते. एका पट्टीनं दोन्ही कसं सांगावं? छाटणीनंतर उघड्यावर लावलेली पट्टी महिन्याभरात पानांखाली झाकली जाते. आता काही बागांवर प्लॅस्टिकचं आच्छादन आलं आहे, आणि त्यांची केंद्रं आच्छादनाबाहेर असतील तर वरच्या पावसाचा आतल्या पानाशी संबंधच उरत नाही.

गणितांचाही प्रश्न आहे. डाऊनीची बरीचशी गणितं युरोपातल्या वेलींवर बसवलेली आहेत. तिथली वेल हिवाळ्यात झोपते आणि वसंतात रोगाची नवी सुरुवात होते, असं ती धरून चालतात. इथे वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि बागलाणात त्याच्याही कितीतरी आधी. कुठे ना कुठे हिरवं पान असतंच आणि त्यावर रोगही असतो. म्हणून इथल्या बागांत, इथल्या जातींवर पडताळलेली गणितं हवीत. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारखी संस्था आपल्याकडे आहे, पण एका केंद्राच्या बळावर प्रत्येक तालुक्याची पडताळणी व्हावी अशी अपेक्षा धरता येत नाही.

स्वस्त यंत्रांबद्दल एक गोष्ट बागायतदारांना माहीत असायला हवी. काहींत ओलीचा सेन्सरच नसतो. हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांवर गेली की पान ओलं असं ती धरून चालतात. हा अंदाज अगदी टाकाऊ नाही, पण मोजमाप आणि अंदाज यांतला फरक विकत घेणाऱ्याला कळला पाहिजे, कारण धोका दोन्ही बाजूंनी सारखा नाही. एक फवारणी जास्त झाली तर औषधाचे पैसे जातात, निर्यातीच्या मालात औषधाच्या अंशाचा घोर लागतो. एक फवारणी चुकली तर वर्ष जातं. मोबाईलवर 'आज फवारू नका' असं वाचून स्वस्थ बसायला यंत्रावर पूर्ण भरवसा लागतो, आणि न पुसलेली पट्टी तो भरवसा घालवते.

महावेध प्रकल्पातून महसूल मंडळानुसार हवामान केंद्रं उभी राहिली आहेत. त्यांचा भर पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांवर आहे. द्राक्षाच्या पट्ट्यात तरी त्यांच्या जोडीला प्रत्यक्ष बागेत लावलेले ओलीचे सेन्सर हवेत, त्यांचे तास सगळ्यांना मोफत दिसायला हवेत, आणि ते सांभाळायला पगारी माणूस हवा. लहान बागायतदार स्वतःचं केंद्र घेऊ शकत नाही, पण डाऊनी त्याच्या बागेतून शेजारच्या बागेत जाते. तोवर ज्यांनी सेन्सर घेतला आहे त्यांनी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: यात खरा सेन्सर आहे की आर्द्रतेवरचा अंदाज, कोरड्या पट्टीचा आकडा किती असायला हवा, आणि वरचा थर उन्हानं झिजला तर पट्टी कधी बदलायची. आणि फवारणी झाली की औषध सुकल्यावर त्याच दिवशी ती साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं पुसून घ्यावी.