‘गॅस नवीनच भरलाय, साहेब!’

जुना फ्रिज विकणारा हे वाक्य हमखास टाकतो आणि घेणाराही ते ऐकून निर्धास्त होतो. नाक्यावरचा दुरुस्तीवाला असो की ओएलएक्सवरची जाहिरात, ‘गॅस नवीन’ हा मालाचा गुण म्हणूनच सांगितला जातो. खरं तर ती आजाराची कबुली असते.

स्वयंपाकाचा सिलिंडर महिन्या-दीड महिन्यात रिकामा होतो, म्हणून फ्रिजचा गॅसही दोन-चार वर्षांनी संपत असणार, हा समज घराघरांत घट्ट बसला आहे. पण सिलिंडरमधला गॅस जळतो. फ्रिजमधला थंड करताना जळतही नाही, झिजतही नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत उष्णता सोडून तो द्रव होतो, फ्रीझरच्या नळ्यांत आतली उष्णता शोषत पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. ही सगळी वाट कारखान्यातच झाळून बंद केलेली असते. आत गॅस असतो तरी किती? आयसोब्युटेनवर चालणाऱ्या घरगुती फ्रिजात सहसा शंभर ग्रॅमहूनही कमी. फ्रिज जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं तेवढा पुरतो. तो कमी झाला, याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे.

म्हणून ‘गॅस कधी भरला?’ हा प्रश्न फुकट आहे. ‘का भरावा लागला?’ हे विचारावं. सिंगल डोअर फ्रिजात बर्फ सुरीने खरवडताना फ्रीझरच्या अ‍ॅल्युमिनियमला भोक पडतं, हे नेहमीचं कारण. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेने मागच्या नळ्या गंजतात. नीट काम करणारा मेकॅनिक आधी नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधतो, ती बुजवतो, फिल्टर बदलतो, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढतो आणि मगच वजनकाट्यावर मोजून गॅस भरतो. यातलं काहीच न करता नुसता गॅस ढकलला, तरी फ्रिज दुकानात छान थंड होतो. गळती किती मोठी, त्यावर तो घरी किती दिवस टिकणार हे ठरतं.

ओळखायचं कसं? फ्रिज निदान दोन-तीन तास चालू ठेवायला लावावा. गॅस पुरेसा असेल तर सिंगल डोअरच्या फ्रीझरवर सगळीकडे सारखं दव गोठतं. कमी असेल तर एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो, बाकी भाग कोरडा राहतो आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. मागे कॉम्प्रेसरच्या चार्जिंगच्या नळीवर झाळकामाचे डागावर डाग दिसले, तर गॅस एकदाच भरलेला नाही हे उघड आहे. आणखी एक: आर-600ए म्हणजेच आयसोब्युटेन, एलपीजीचा सख्खा भाऊ. तो भरलेल्या फ्रिजवर कुणी सरळ ब्लोटॉर्च लावत असेल, तर शेजारी उभं राहू नये.

‘जुना माल दणकट, पत्रा बघा केवढा जाड!’ असेल, पण पत्रा विजेचं बिल भरत नाही. जुना फ्रिज नव्यापेक्षा रोज एक युनिट जास्त खात असेल आणि युनिटला 8 रुपये धरले, तर वर्षाला 2,920 रुपये जादा जातात. स्वस्तात मिळालेला फ्रिज दोन-तीन वर्षांत महाग पडतो तो असा.

‘पाच तारे आहेत की!’ कुठल्या सालचे? बीईईची (ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी) वीजबचतीचे तारे देणारी लेबल योजना 2006 मध्ये सुरू झाली आणि ताऱ्यांचे निकष त्यानंतर वेळोवेळी कडक होत गेले, फ्रिजसाठी 2023 मध्येही. तारे मोजत बसण्यापेक्षा लेबलावरचं साल आणि वार्षिक युनिटांचा आकडा वाचावा.

‘जुना फ्रिज म्हणजे ओझोनला भोक.’ भारतात 1 जानेवारी 2003 पासून नव्या फ्रिजात ओझोनला मारक असलेला सीएफसी वायू वापरायला बंदी आहे. दहा वर्षांच्या फ्रिजवर हा आळ नको.

‘आडवा आणला की बाद.’ नाही. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, म्हणून फ्रिज काही तास उभा ठेवून मग सुरू करावा, इतकंच.

जुना फ्रिज घेणं मुळीच वेडेपणाचं नाही. कधीच न उघडलेली यंत्रणा असलेला, पाच-सहा वर्षांचा फ्रिज चांगला सौदा ठरू शकतो. मात्र गॅस भरलेला असेल, तर गळती कुठे होती आणि ती कशी बुजवली, हे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावं. तो टाळाटाळ करू लागला, तर त्या फ्रिजला भंगाराच्या भावापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नये.