कुळथाच्या मुळाशी होणारा करार

रत्नागिरी जिल्ह्यात भाताची कापणी आटोपली म्हणजे खाचरात मागे राहिलेल्या ओलीवर विसंबून शेतकरी कुळीथ किंवा पावटा पेरतो. आणि ३,००० मिलिमीटरांहून अधिक पावसाने जिच्यातील पोषक द्रव्ये बहुतांशी धुऊन नेलेली असतात, त्या आम्ल जांभ्या मातीत, फारसे खत न मागता, हे पीक घरोघरच्या पिठीची बेगमी करून जाते.

या सामर्थ्याचे कारण पाहावयाचे असेल, तर फुलोऱ्याच्या सुमाराचे एखादे रोप मातीसकट उकरून त्याची मुळे पाण्यात धुवावीत. मुळांवरची गाठ नखाने फोडली असता आतून तांबूस निघाली, तर तिच्यातील रायझोबियम गटाचे जिवाणू हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करीत आहेत असे खुशाल समजावे. हे जिवाणू बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली वेगळे करून दाखविले. परंतु मातीतील असंख्य जीवांमधून नेमके तेच मुळाशी कसे येतात, हे कोडे जवळजवळ शतकभर सुटले नाही.

१९८६ साली लसूणघासाच्या बियांतून पाझरणारे ल्युटिओलिन हे फ्लॅव्होनॉइड गटातील फिनॉलवर्गीय संयुग जिवाणूंमधील गाठनिर्मितीची जनुके जागृत करते असे सिद्ध झाले. सोयाबीनमध्ये हेच कार्य जेनिस्टीन आणि डेड्झीन करतात. उभयपक्षी सह्या झाल्यावाचून जसा दस्तऐवज पुरा होत नाही, तसाच हा व्यवहार आहे: मुळाने आपले फ्लॅव्होनॉइड मातीत सोडावे, ते ओळखणाऱ्या जिवाणूने उत्तरादाखल शर्करा व मेद यांनी घडलेला रेणू धाडावा, आणि तो पटला तरच मूलरोमाने वळून जिवाणूला कवेत घ्यावे व आत गाठ आकारास यावी. मोबदल्यात वनस्पती पाहुण्यास शर्करेपासून मिळणारी ऊर्जा पुरविते.

या व्यवहारात पहिला शब्द वनस्पतीचा असतो, ही गोष्ट शेतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कारण युरियाचा मारा झाला की गरज उरली नाही असे मानून रोप गाठी कमी धरते, आणि माती अति आम्ल असली की जिवाणूंची संख्याही घटते व हा संवादही क्षीण होतो. म्हणून रत्नागिरीच्या शेतकऱ्याने १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धन गुळाच्या पाण्यातून हलके चोळून, बियाणे सावलीत सुकवून पेरावे, आणि मातीपरीक्षणाने गरज दाखविल्यास चुन्याची तजवीज करावी. नत्र विकत आणण्यापूर्वी, ते फुकट मिळविण्याचा जो हक्क कडधान्यास निसर्गतःच लाभला आहे, तो अबाधित राखणे हेच शहाणपणाचे होय.