आज्ञावली-प्रत्यावर्तन, स्वयंचलित

संगणकावरील आज्ञावलीची नवी आवृत्ती सदोष आढळल्यास ती काढून पूर्वीची आवृत्ती पुन्हा बसविणे, या क्रियेस आज्ञावली-प्रत्यावर्तन म्हणतात. व्यवहारात ‘रोलबॅक’ हा शब्द रूढ आहे. इन्स्टॉलरने हे काम माणसाच्या अनुमतीवाचून करावे किंवा नाही, हा यातील मुख्य प्रश्न होय.

स्वयंचलनाची गरज यंत्रांच्या संख्येमुळे निर्माण होते. पनवेल (जि. रायगड) येथे २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टा एनएम १ सारख्या मोठ्या माहिती-केंद्रात असंख्य संगणक अहोरात्र चालतात, तेथे प्रत्येक यंत्र हाताने पूर्ववत करणे दुष्कर असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीची सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता वितरित झाली व १०.५७ वाजता मागे घेण्यात आली. तेवढ्या अवधीत जगातील सु. ८५ लाख विंडोज संगणकांवर तिचा परिणाम झाला. भारतीय विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास द्यावे लागले. बंद पडलेला संगणक सुधारणा स्वीकारू शकत नसल्याने अनेक ठिकाणी तंत्रज्ञांना यंत्रागणिक फाइल पुसावी लागली. प्रत्यावर्तनाची यंत्रणा सदोष भागाहून स्वतंत्र असावी, हे यावरून दिसून येते. अँड्रॉइड ७.० (२०१६) पासून उपलब्ध झालेल्या एका पद्धतीत प्रणालीच्या दोन प्रती वेगळ्या विभागांत ठेवतात. नवी प्रत सुरू न झाल्यास फोन आपोआप जुन्या प्रतीकडे वळतो.

तथापि जुनी आवृत्ती नेहमीच निर्धोक नसते. नव्या आवृत्तीने माहितीची मांडणी बदलली असल्यास जुनीस ती वाचता येत नाही. शिवाय बुजविलेल्या सुरक्षा-त्रुटी पुन्हा उघड्या होतात व हल्लेखोर मुद्दाम असे प्रत्यावर्तन घडवून आणू शकतात. या कारणांस्तव डेबियन प्रणालीत पॅकेज मागे नेण्यास अधिकृत पाठबळ नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या पॅकेजच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा प्रवेशमार्ग आढळला, तेव्हा डेबियनने ५.४.५ ही जुनी आवृत्तीच ‘५.६.१+रिअली५.४.५’ अशा चढत्या क्रमांकाने प्रसृत केली. इन्स्टॉलरच्या दृष्टीने ही प्रगती होती; प्रत्यक्षात ते माणसांनी विचारपूर्वक केलेले प्रत्यावर्तन होते.

सारांश, स्थापना अपुरी राहिल्यास किंवा प्रणाली सुरूच न झाल्यास, म्हणजे वापरकर्त्याच्या माहितीत बदल होण्यापूर्वी, स्वयंचलित प्रत्यावर्तन हितावह ठरते. त्यानंतरचा निर्णय आज्ञावलीच्या वितरकाकडे व यंत्राच्या व्यवस्थापकाकडे असणे इष्ट होय.