हिंगण्याची वाट

आपल्या गावी, मग ते पुणे असो, बेळगाव असो वा जबलपूरचा गढा असो, एखादी सेवाभावी संस्था आपण जवळून पाहिली असेल. आरंभी हाती घेतलेले कार्य पंधरा-वीस वर्षांत पालटू लागते. गरजा बदलतात, देणग्या नव्या अटींसह येतात. मूळ उद्दिष्टाला चिकटून राहावे की काळाबरोबर चालावे, या पेचात चालक सापडतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यापुढे हा पेच एकदा नव्हे, अनेकदा उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडविला हे पाहणे आपल्या उपयोगाचे आहे.

१८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला व मुरुड गावाचा बहिष्कार सोसला. त्याच वर्षाच्या अखेरीस विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी स्थापिली. पुढे १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढताना मात्र त्यांना एक कठोर गोष्ट उमगली. पुनर्विवाह नको असलेला बापही आपल्या विधवा मुलीला शिकू द्यावयास तयार होईल. परंतु तेथे तिचे लग्न लावून देतील अशी शंका आली, तर तो तिला उंबरठ्याबाहेर पाठविणार नाही. म्हणून आश्रमात केवळ शिक्षण, विवाहाची चळवळ नाही, असे त्यांनी ठरविले आणि स्वतःही त्या चळवळीतून हळूहळू अंग काढून घेतले. सुधारकांतील कित्येकांस हे रुचले नाही. वाचकहो, स्वतः पुनर्विवाह केलेल्या मनुष्याने असे करावे हे आपल्यालाही किंचित खुपते. तथापि ज्या घरांनी विश्वासाने मुली धाडल्या, त्या घरांना दिलेला शब्द त्यांच्या दृष्टीने स्वतःच्या मताहून मोठा होता.

प्लेगच्या दिवसांत शहरात राहणे कठीण झाले तेव्हा, १९०० साली, आश्रम हिंगण्याच्या माळावर एका साध्या झोपडीत गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे पायी तेथे जात. चांगला रस्ता नव्हता; पावसाळ्यात त्या वाटेचे काय होत असेल, त्याची कल्पना आपणच करावी! त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. त्या आश्रमात शिकल्या, तेथेच कामास लागल्या आणि पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या.

यानंतरचा पेच अधिक सूक्ष्म होता. मुलींच्या शिक्षणाची गोडी लागलेले पालक आपल्या अविवाहित मुलींसाठीही जागा मागू लागले. आश्रमाची दारे सर्वांस उघडणे सोपे होते. संख्या वाढली असती, नाव झाले असते. परंतु आश्रमाचा पैसा लोकांनी विधवांसाठी दिलेला. तो दुसऱ्या कामाकडे वळविणे, ते काम कितीही चांगले असले तरी, कर्व्यांस मान्य नव्हते. त्यांनी १९०७ साली महिला विद्यालय ही निराळी संस्था काढली आणि तिच्यासाठी निराळा निधी जमविला. गृहस्थ एकच, संस्था दोन. आश्रमातील काही सहकाऱ्यांस वाटले की आपल्या कामाकडे आता दुर्लक्ष होणार. ही भीती अगदीच निराधार नव्हती, कारण एका मनुष्याचे दिवसाचे तास वाढत नाहीत. यावर तोड म्हणून आजीवन सेवेचे व्रत घेणारे कार्यकर्ते तयार व्हावेत, या हेतूने १९०८ साली निष्काम कर्ममठ निघाला. परस्परांची ओळख पटल्यावर, १९१५ साली, ही तिन्ही कामे एका छत्राखाली आली. आधी वेगळी उभी करावयाची आणि मागाहून एकत्र आणावयाची, असा हा क्रम होता.

१९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय, हे त्याचे मूळ सूत्र. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. विद्यापीठास त्यांच्या मातुःश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले आणि १९३६ साली मुख्य ठाणे मुंबईस गेले. नाव बदलले, गाव बदलले. कर्व्यांनी दोन्ही मान्य केले. मातृभाषेचे सूत्र मात्र राहिले आणि त्याचे मोल विद्यार्थिनींनीही दिले, कारण त्यांच्या पदव्यांना कायद्याची मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडले. ही दिरंगाई कोणी हट्टाची म्हणेल. मला ती निवड खरी वाटते, परंतु स्वस्त नव्हे.

हिंगण्याचा विचार करा. बालविधवांचे दुःख कालांतराने ओसरले, तेव्हा हिंगण्याच्या संस्थेने आपले कार्यक्षेत्र सर्व स्त्रियांच्या शिक्षणापर्यंत रुंदावले. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने ती आज ओळखली जाते आणि १९९१ पासून तिचे मुलींसाठीचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. त्या माळाचे नाव आता कर्वेनगर आहे.

विद्यापीठ मुंबईस गेले त्या १९३६ साली कर्वे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी त्यांनी नवे मंडळ काढले आणि त्याच्या वर्गणीसाठी ते पुन्हा घरोघर फिरू लागले.